पेटीतला नवा फोन

(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



दिवसभर कापूस वेचून थकून आलात, तरी वर्गाला बसलात. म्हणून फार ताणत नाही. आज वही मिटून ठेवा. आज एका पेटीची गोष्ट सांगतो, आणि त्या पेटीत जपून ठेवलेल्या एका नव्या फोनची.

सेलू तालुक्यातल्या एका गावात एक माय राहते. तिचे नाव सांगत नाही, तिला ते आवडायचे नाही. तिचा मुलगा पुण्याजवळ चाकणला कारखान्यात कामाला आहे. एका दिवाळीला त्याला बोनस मिळाला. त्याने अकरा हजारांचा फोन घेतला आणि मायसाठी घरी आणला. म्हणाला, "माय, याच्यात बोलता बोलता माहं तोंड दिसते तुले."

माय म्हणाली, "माहा बटनाचा फोन चालते ना बाप्पा! एवढा भारी फोन माह्या हातात कायले? ठेवून देऊ. बाईच्या लग्नात जावयाले आहेर करू."

तिने फोनचा डबा उघडलासुद्धा नाही. वरचे सील तसेच ठेवले. डबा नव्या लुगड्यात गुंडाळला, लोखंडी पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावले. पेटी होती फळीवर आणि फळीच्या वर टिनाचे छत.

त्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला. लग्न एक वर्ष पुढे गेले. म्हणजे दिवाळीला ठेवलेला फोन त्या उन्हाळ्यात निघाला नाही, पुढच्या उन्हाळ्यात निघाला. मध्ये दीड वर्ष गेले. एक अख्खा उन्हाळा आणि दुसऱ्याचा अर्धा त्याने टिनाखाली काढला.

लग्न लागले. आहेराच्या वेळी जावयाने चार लोकांसमोर सील तोडले, फोन काढला, कळ दाबली. काच काळीच. पुन्हा दाबली. काच काळीच. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "डुप्लिकेट असंन." हळूच म्हटले, पण सगळ्यांना ऐकू गेले. मायने मान खाली घातली. लेकीच्या लग्नात तिला एकच गोष्ट खुपली ती ही, की आपला पोरगा दुकानात फसला आणि ते आज सगळ्या सोयऱ्यांना कळले.

तीन दिवसांनी जावई तो फोन घेऊन वर्ध्याला गेला. दुरुस्ती करणाऱ्याने बराच वेळ पाहून सांगितले, "फोन अस्सल आहे. बॅटरी मेली आहे." नवी बॅटरी बसवायला चौदाशे रुपये लागले. बिल पाहावे म्हणून पेटीतला कागद काढला, तर त्यावर एक अक्षर नव्हते. कागद होता, छपाई उडून गेली होती. तसेही गॅरंटीचे वर्ष केव्हाच संपले होते.

फोन आज चालतो. पण मंडळी, इथे चूक कोणाची? मुलगा फसला नव्हता. फोन खोटा नव्हता. आणि मायने हयगय केली असेही नाही. उलट तिने फार जपले. आपल्याकडे जपणे म्हणजे गुंडाळून, कुलूप लावून ठेवणे. लुगडे असे जपता येते. पितळेचा गुंड असा जपता येतो. बॅटरी अशी जपता येत नाही. ती बंद पेटीत पडल्या पडल्या झिजते. हे तिला कोणी सांगितले नव्हते. डब्यात जे माहितीचे पुस्तक असते, ते सीलच्या आत होते.

म्हणून आज ते पुस्तकातले आपण इथे बोलू.

फोनच्या बॅटरीत लिथियम नावाचा धातू असतो, चांदीसारखा पांढरा आणि फार हलका. तो बॅटरीत निखळ धातूच्या रूपात नसतो, दुसऱ्या पदार्थांत मिसळलेला असतो. आत दोन पातळ पट्ट्या असतात. बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे कण एका पट्टीतून निघून दुसरीत जाऊन बसतात. आपण फोन वापरतो तेव्हा तेच कण परत फिरतात आणि त्यातून वीज मिळते. नदीच्या दोन काठांवरची दोन गावे आणि मधे येणारे-जाणारे लोक, तसे समजा. अशी बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. ती घडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा तुमच्या खिशातली वस्तू साधीसुधी नाही बरे!

आता ही बॅटरी नुसती ठेवली तर काय होते?

मातीचा रांजण भरून ठेवला तर चार दिवसांनी पाणी कमी झालेले दिसते. कोणी प्यायले नाही, तरी पाझरते. बॅटरीचे तसेच आहे. फोन बंद असला तरी थोडी वीज आतल्या आत जाते. आत एक लहानसे रक्षक यंत्र असते, ते सतत जागे असते, त्यालाही थोडी वीज लागते. फोनमधले घड्याळ चालू राहते, त्यालाही लागते. एका दिवसात हे कळत नाही. सहा महिन्यांत कळते. दीड वर्षात रांजण कोरडा होतो.

कोरडा झाला तर पुन्हा भरू, असे तुम्ही म्हणाल. रांजणाचे तसे चालते. बॅटरीचे चालत नाही. इथे मला बैलाचे उदाहरण द्यावे लागते. दुष्काळात बैल एक-दोन दिवस उपाशी राहिला तर वैरण टाकली की उभा राहतो. पण उपास फार लांबला, बैल खाली बसला, तर मग समोर हिरवा कडबा टाकला तरी तो तोंड लावत नाही. बॅटरी एका मर्यादेपेक्षा जास्त उतरली की तिच्या आतल्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळू लागते. ते भलत्याच जागी जाऊन साचते. मग तिला चार्जिंगला लावले तरी ती घेत नाही. घेतलेच तर आतल्या आत जोडली जाऊन तापण्याची भीती असते. म्हणून रक्षक यंत्र तिला चार्ज होऊच देत नाही. आपल्या मायचा फोन त्यामुळेच उठला नाही.

हा झाला उपासमारीचा त्रास. दुसरा त्रास उन्हाचा, आणि आपल्या जिल्ह्यात तो मोठा आहे.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो, कधी ४६ च्याही वर. हा आकडा सावलीतल्या हवेचा. टिनाच्या खोलीत दुपारी किती होत असेल ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही तिथे झोपायचा प्रयत्न केलेला आहे. त्या टिनाला लागून फळी, फळीवर लोखंडी पेटी. अनेक फोनच्या पुस्तकांत छापलेले असते की बंद फोनसुद्धा ४५ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये. म्हणजे आपली पेटी महिना-दीड महिना रोज दुपारी ही हद्द ओलांडत होती.

उष्णतेने बॅटरीचे वय झपाट्याने वाढते. त्यातही पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत ठेवली तर फारच वाईट. माणूस पोट तडीस लागेपर्यंत जेवला आणि भर दुपारी उन्हात उभा राहिला तर त्याचे काय होईल? तसेच. जाणकारांनी याचा एक ढोबळ हिशेब दिला आहे. बॅटरी शंभरापैकी चाळीस भरून २५ अंशांच्या थंड जागी वर्षभर ठेवली, तर तिच्या ताकदीतले रुपयाला ९६ पैसे शिल्लक राहतात. तीच पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर ठेवली, तर ६५ पैसे उरतात. न वापरता पस्तीस पैसे गेले! आणि हे गेलेले पैसे पुन्हा चार्ज करून येत नाहीत.

म्हणून ठेवायची बॅटरी रिकामीही नको आणि भरलेलीही नको. अर्धी भरलेली हवी. फोनच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात आकडा दिसतो. तो ५० च्या आसपास असावा. ४० चालेल, ६० चालेल. कंपन्या स्वतः हेच करतात. कारखान्यातून निघालेला नवा फोन सहसा अर्धवटच भरलेला असतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाने माल म्हणून पाठवायच्या तर त्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या नसाव्यात, असा २०१६ सालापासून जगभर नियम आहे. तो आगीच्या भीतीने केला आहे. भरलेली बॅटरी पेटली तर जास्त जोराने पेटते.

जाता जाता एक गैरसमज काढून टाकू. काही लोक सांगतात, नवा फोन आणला की पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावावा. ते पूर्वीच्या निकेलच्या बॅटरीचे होते. ती गेली, तिचा नियम मात्र राहिला.

आता खरा प्रश्न येतो सीलचा.

एका वर्गात मी हे सगळे सांगितले, तेव्हा एक बाई उठून म्हणाल्या, "भाऊ, सील तोडलं तर नवं कसं राहीन? देणं-घेणं आहे. लोक म्हणतीन वापरलेला देला."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. आहेराच्या वस्तूला मान असतो. पण मी त्यांना विचारले, "बाई, सोयाबीनचे बियाणे पेरण्याआधी तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "ओल्या बारदान्यात शंभर दाणे ठेवतो, किती उगवते ते पाहतो." मग पोते फोडले म्हणून बियाणे जुने झाले का? ते तर खात्रीचे झाले! फोनचेही तसेच समजा. देणाऱ्याने सांगावे, "पाहून, अर्धा भरून ठेवला आहे, म्हणून सील तोडले." यात कमीपणा नाही. काच बिघडलेली आहे, आवाज येत नाही, असे काही निघाले तर तेही पहिल्या आठवड्यातच कळते आणि दुकानदाराकडे जाता येते. दीड वर्षाने काय सांगणार?

तरी देण्याचा दिवस दोन-तीन महिन्यांवर असेल तर सील राहू द्या. थंड जागी ठेवला तर एवढ्याने काही बिघडत नाही. त्याहून लांबवर असेल तर उघडा. आणि खरे विचाराल तर लग्न वर्षावर असताना आज फोन घेऊच नये. पैसे बँकेत ठेवा. लग्नाच्या महिन्यात घ्या. तेवढ्याच पैशात तेव्हा बहुधा जास्त चांगला मिळेल आणि गॅरंटीही नवी मिळेल. पण मुलगा प्रेमाने आणतो तेव्हा त्याला परत ने असे म्हणवत नाही, हेही खरे.

घेताना डब्यावर एक गोष्ट वाचायची असते. फोन कोणत्या महिन्यात तयार झाला ते डब्यावर छापणे कायद्याने जरूर आहे. महिना आणि साल. अक्षरे इंग्रजी असतात, पण आकडे आपण मागच्या महिन्यात शिकलो. दोन आकडे महिन्याचे, चार आकडे सालाचे. समजा ०३ आणि २०२४ असे छापले आहे. म्हणजे मार्च २०२४. तुम्ही दुकानात २०२५ च्या दिवाळीला उभे आहात. तर तो फोन दीड वर्ष दुकानात नाहीतर गोदामात पडलेला आहे. गोदामाला टिन आहे की सिमेंट, कोणास ठाऊक! असा फोन घेऊ नका, किंवा दुकानातच चालू करून घ्या.

घरी आणल्यावर काय करायचे? फोन डब्यातून काढा. कळ दाबून चालू करा. सिम घालायची गरज नाही. आकडा पाहा. ५० च्या आसपास असेल तर तसाच राहू द्या. २० असेल तर चार्जिंगला लावा आणि ५० झाला की काढा. ९० असेल तर लेकराला थोडी गाणी ऐकू द्या, उतरेल आपोआप. हल्ली पुष्कळ फोनच्या डब्यात चार्जर नसतो, नुसती वायर असते. तेव्हा घरात त्या पिनचा चार्जर आहे की नाही तेही याच वेळी कळते.

मग फोन पूर्ण बंद करा. नुसती काच काळी झाली म्हणजे फोन बंद झाला असे नाही. तो डोळे मिटून जागा असतो, आणि आठवड्याभरात सगळी वीज संपवतो. बाजूची कळ दाबून धरा, काचेवर बंद करण्याची खूण येते, तिच्यावर बोट ठेवा. काही फोनला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. नाही जमले तर गावातल्या कोणत्याही शाळकरी पोराला विचारा. यात लाजायचे काय?

ठेवायचे कुठे, यावर मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. कारण आपल्या घरात मोलाची वस्तू ठेवायच्या ज्या जागा आहेत, त्यातल्या बऱ्याच फोनला वाईट आहेत.

टिनाखालची पेटी वाईट, ते पाहिले. चुलीवरची फळी वाईट, तिथे धूर आणि आच. देवघराजवळ दिवा असतो. मोटारसायकलच्या डिकीत तर कधीच नको. फ्रिज असेल तर तो थंड म्हणून काही लोक त्यात ठेवतात. तिथून काढल्यावर थंड वस्तूवर दव धरते, ते पाणी आत शिरते. माठाजवळही ओल असते.

आणि धान्याची कोठी. गव्हात वस्तू लपवायची आपली जुनी सवय आहे. चोराला सापडत नाही हे खरे. पण पुष्कळ घरांत धान्याला कीड लागू नये म्हणून विषारी गोळी टाकतात. त्या गोळीतून जो वायू निघतो, तो तांब्याला खातो. तांबे काळे पडते. फोनच्या आत बारीक बारीक तांब्याच्या रेषा असतात, त्या गेल्या की फोन गेला. (ती गोळी राहत्या घरात ठेवणे माणसाच्या जिवालाही घातक आहे. तो विषय मोठा आहे, त्यावर एक दिवस वेगळे बोलू.) डांबरगोळ्यांच्या पेटीतही नको. त्यांच्या वाफेने काही जातींचे प्लास्टिक मऊ पडते.

मग चांगली जागा कोणती? सेवाग्रामला बापूकुटी तुम्ही पाहिली असेल. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. बापूकुटीत ना पंखा होता, ना यंत्र. मेच्या दुपारी आत पाऊल टाकले की बाहेरच्यापेक्षा गार वाटते. तुमच्या जुन्या घरात मातीची भिंत असेल, तर तिच्यातला आतल्या बाजूचा कोनाडा ही सगळ्यात चांगली जागा. घर सिमेंटचे असेल तर पश्चिमेची भिंत सोडा, तिच्यावर दुपारचे ऊन येते. जमिनीपासून हातभर उंच, आतल्या खोलीच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. उष्ण हवा वर जाते, म्हणून वरचा कप्पा नको. पावसाळ्यात ओल येते, तेव्हा डब्यावर एक प्लास्टिकची पिशवी घाला. घरात सगळीकडे टिनच असेल, तर उन्हाळ्याचे दोन महिने तो फोन कवेलूच्या घरच्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवायला हरकत नाही. आपण बियाणे ठेवतोच की नाही!

ठेवला म्हणजे विसरायचा नाही. दर तीन महिन्यांनी काढून आकडा पाहायचा आणि कमी झाला असेल तर पुन्हा ५० करायचा. काही कंपन्या सहा महिने म्हणतात. पण त्यांचे सहा महिने थंड हवेचे आहेत, आपल्या हवेला तीनच बरे. तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. आखाडी, दिवाळी, संक्रांत, अक्षय तृतीया, अशी चार वेळा आठवण ठेवा. या सणांच्या मध्ये साधारण तीन-तीन महिन्यांचे अंतर पडते. घर झाडायला काढता, पेट्या उघडता, तेव्हा फोनही काढा.

हे झाले फोनचे. आता शेतकऱ्यांनो, तुमच्या फवारणीच्या पंपाकडे वळू. तिथे नियम उलटा आहे, म्हणून जपून ऐका.

पाठीवरच्या बॅटरी पंपात पुष्कळदा शिशाची बॅटरी असते. आकाराने विटेएवढी आणि जड. शिशाची बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते या माणसाने शोधून काढली, म्हणजे लिथियमची ती पणजीच. हिला अर्धे ठेवलेले चालत नाही. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पाट्यांवर कडक खडे जमतात, क्षार धरतो तसे. मग ती वीज साठवत नाही. आपण काय करतो? शेवटची फवारणी झाली, पंप तसाच उतरलेला कोठ्यात टांगला. पुढच्या जुलैत काढला. चार्जिंगला लावला, दिवा हिरवा झाला, शेतात नेला आणि दोन टाक्यांत पंप बसला. मग कंपनीला शिव्या! तर शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पूर्ण भरा. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हाच नियम. काही नव्या पंपांत मात्र लिथियमची बॅटरी येते. ती हलकी असते. पंप घेताना दुकानदाराला विचारून पंपावरच लिहून ठेवा, शिसे की लिथियम.

आहेरात आता फोनच येतो असे नाही. हातावरचे स्मार्ट घड्याळ येते, कानात घालायची बोंडे येतात, गाण्याचा डबा येतो, पॉवर बँक येते. सगळ्यांत लिथियमच. पण घड्याळाची आणि कानातल्या बोंडांची बॅटरी फार लहान, रांजणाऐवजी लोटा समजा. ती लवकर कोरडी होते. ती दोन महिन्यांनी पाहा. खेळण्यात पेन्सिल सेल असतील तर काढून वेगळे ठेवा, ते गळतात हे तुम्हाला टॉर्चवरून ठाऊकच आहे. काही खेळण्यांना सेलजवळ प्लास्टिकची पट्टी खोचलेली असते. ती वापरायच्या दिवशीच ओढायची. बटनाच्या फोनची बॅटरी निघते. ती अर्धी भरून, काढून, कागदात गुंडाळून ठेवली तर फोनचे घड्याळ तिला पिऊ शकत नाही.

ठेवलेला फोन सुरू झालाच नाही तर घाबरू नका. त्याच्याच चार्जरवर तासभर लावा. पहिली पंधरा-वीस मिनिटे काचेवर काही दिसणार नाही, तरी धीर धरा. तासाभरानेही हालचाल नसेल तर काढून टाका. बाजारात काही जण बॅटरीला वायर लावून सरळ झटका देतात आणि उठवून दाखवतात. असे करू देऊ नका. उठलेली ती बॅटरी आतून दुखावलेली असते. ती रात्री उशाशी घेऊन झोपणार तुम्ही, तो नाही.

आणि फोनचे पाठीचे झाकण उचलले गेले, काच वर आली, तर बॅटरी फुगली असे समजा. तिला दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. उकिरड्यावर टाकू नका, शेकोटीत तर नाहीच. दुरुस्तीच्या दुकानात किंवा कंपनीच्या केंद्रात द्या. २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे.

आपल्या घरात दिवाळीपासून कापसाचे ढीग असतात. भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो, त्यावरच लेकरे लोळतात. त्या खोलीत फोन चार्जिंगला लावायचा नाही, ठेवलेला फोनही तिथे नको. फुगलेली बॅटरी तर अंगणापलीकडे, दगडावर. मी हे फार जोर देऊन सांगतो आहे, कारण ठिणगीला कापूस किती वेळ घेतो ते तुम्हाला माहीत आहे. बॅटरी पेटलीच तर धूर विषारी असतो. आधी माणसे बाहेर काढा, विजेची कळ बंद करा, मग दुरून भरपूर पाणी ओता.

राहिले ते बिलाचे. दुकानाचे चिटोरे हल्ली उष्णतेने छापतात. त्यामुळे उष्णतेनेच ते कोरे होते. घेतल्या आठवड्यातच दोन रुपये देऊन झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स डब्यात ठेवा. गॅरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होते, डबा उघडला त्या तारखेपासून नाही. पेटीत पडलेला फोन आपली गॅरंटी रोज एक दिवस खात असतो. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन नंबर आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

त्या मायला मी मागच्या महिन्यात भेटलो. मुलाने तिच्यासाठी दुसरा फोन आणला आहे. मी विचारले, "कुठे ठेवला?" ती म्हणाली, "ठेवीन कायले? हा पाहा," आणि लुगड्याच्या ओच्यातून काढून दाखवला. काचेवर कणकेचे बोट उमटले होते. मुलाशी रोज रात्री आठ वाजता बोलते, तोंड पाहून.

आता कामाला लागू. मी एक फोनचा रिकामा डबा आणला आहे आणि प्रत्येकासाठी एक चिठ्ठी. डबा मागच्या ओळीपासून फिरवा. ज्याच्या हाती येईल त्याने तयार झाल्याचा महिना आणि साल मोठ्याने वाचायचे. मग चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या. पहिली, ठेवला ती तारीख. दुसरी, किती भरून ठेवला तो आकडा. तिसरी, पुढे कोणत्या सणाला पाहायचा. ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे, त्यांनी चिठ्ठी घरी नेऊन डब्यावर चिकटवावी. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी ती फवारणीच्या पंपाला बांधावी, फक्त दुसऱ्या ओळीत १०० लिहावे.

हं, करा सुरुवात. मागच्या ओळीतल्या काकू, वाचा बरे, पहिला आकडा कोणता?